पंचवीस मिनिटं गप्प

मित्रांनो, मी भिवंडीतल्या टेमघरच्या एका घरातली जुनी वॉशिंग मशीन आहे. जुनी म्हणजे वयानं नव्हे. मला आत्ता कुठे चार वर्षं झाली. पण माझ्या तोंडावर एक गोल बटण आहे, त्याभोवती चौदा कार्यक्रम छापलेले आहेत, आणि त्यातला एकच वापरून वापरून पुसला गेलाय : ‘क्विक’. बाकीचे तेरा अजून कोरे करकरीत आहेत. माणसाचं एकच बोट म्हातारं व्हावं आणि बाकीची नऊ तशीच राहावीत, असलं माझं म्हातारपण.

कारखान्यात मला सगळं शिकवलं होतं. मळका सुती कपडा आला की आधी पाणी घ्यायचं, साबण कालवायचा आणि मग पंचवीस मिनिटं हूं की चूं न करता त्याला भिजू द्यायचं. नाजूक कपडा हळू फिरवायचा, लोकर त्याहून हळू. लोकर मी अजून पाहिलेली नाही. भिवंडीत पाहीन, असं वाटतही नाही.

मला या घरी निशानं आणलं. निशा इथली सून. तिचा नवरा देवेश गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, म्हणून त्याच्या शर्टांना ग्रीस असतं. सासूबाई पार्वतींनी पहिल्या दिवशी मला हळदकुंकू लावलं आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर कांद्यांची टोपली ठेवली. राहिले सासरे, दौलतबाबा. माझ्या आयुष्याची माती त्यांनी केली, आणि तीही अत्यंत प्रेमानं.

दौलतबाबांनी तीस वर्षं पावरलूम चालवले. आठ लूम होते. ज्यांनी लूमखाना पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, तिथे आवाज हीच तब्येत. खटखट चालू म्हणजे सगळं ठीक. खटखट थांबली म्हणजे धागा तुटला, धावा. मी घरात आले त्याच वर्षी आठही लूम भंगारात गेले. बाबांचे कान मात्र घरीच राहिले.

आता बघा. निशा सकाळी मला ‘कॉटन’वर लावते आणि कल्याणला कॉलेजला पळते. रक्त-लघवी तपासायचा कोर्स करते ती. मी पाणी घेते, साबण कालवते आणि शिकवल्याप्रमाणे गप्प बसते. तिसऱ्या मिनिटाला दौलतबाबा चहा तसाच टाकून हजर.

“पार्वती, मशीन बंद परली गो!”

“मंग चालू करा. मी काय मिस्तरी हाय?”

बाबा माझ्या पोटावर दोन थापा मारतात, स्विच बंद करून चालू करतात आणि बटण फिरवतात ‘क्विक’वर. मी घरघरायला लागते. त्यांच्या चेहऱ्यावर रोगी वाचवल्याचं समाधान. पंधरा मिनिटांत कपडे बाहेर : ओले, सुवासिक आणि होते तितकेच मळके.

निशानं सांगून पाहिलं. “बाबा, भिजवताना ती गप्पच असते.”

“गप मशीन मी कंदी बगलेली न्हाय. तीस वरसं मशीनी चालवल्या, मला शिकवतंस?”

मग तिनं माझ्यावर कागद चिकटवला : ‘हात लावू नये’. बाबांनी तो चष्मा लावून वाचला, पार्वतीबाईंना म्हणाले, “तुला लिवलंय बग,” आणि हात लावला.

गेल्या आठवड्यात मात्र गोष्ट हाताबाहेर गेली. निशाचा पांढरा ॲप्रन देवेशच्या शर्टांबरोबर ‘क्विक’मध्ये फिरला आणि काळपट होऊन निघाला. कॉलेजात मॅडमनी तिला दारातूनच परत पाठवलं. सोमवारी प्रॅक्टिकल परीक्षा, ॲप्रन असा असेल तर बसू देणार नाही, म्हणाल्या. घरी पार्वतीबाईंनी निकाल दिला : “कपरं निघत न्हाय तं मशीन कशाला? रविवारी भंगारवाला येतंय, देऊन टाका. हातानी धू. कॉलेज जालं तेवरं पुरं.”

आमच्याकडे नळ सकाळीच येतो, आणि कॉलेजही सकाळीच असतं. मी गेले की निशाचा कोर्स गेला, हे घरात सगळ्यांना कळत होतं. देवेश मान खाली घालून जेवत राहिला. त्याचं त्यात कौशल्य आहे.

रविवारी निशानं एकटा ॲप्रन माझ्यात घातला, बटण ‘कॉटन’वर आणलं आणि आपला मोबाइल कांद्यांच्या टोपलीत उभा केला. मी गप्प झाले, तशी तिनं एक व्हिडिओ सुरू केला. लूम बंद झाले त्या दिवशी देवेशनं काढलेला.

खटखट सुरू झाली. दौलतबाबा सवयीनं आलेच. हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

“ही तीन नंबर,” ते म्हणाले. “तीन नंबरच हाय. हिचा ठोका जड.”

त्यांनी स्टूल ओढलं. व्हिडिओत निजामपुऱ्याचे खुर्शीदभाई, त्यांचे शेजारचे लूमवाले, ओरडत होते, “अरे दौलत, चाय पी पहले! लूम कहीं भागे नहीं जा रहे!” मागे भंगाराचा टेंपो उभा दिसत होता. बाबा हसले आणि उगाच चष्मा पुसत बसले. व्हिडिओ संपला की निशा पुन्हा लावायची. आयुष्यात पहिल्यांदा माझी पंचवीस मिनिटं पुरी झाली.

पार्वतीबाईंनी ॲप्रन उन्हात धरला. कॉलर उलटसुलट पाहिली. मग माझ्या डोक्यावरची कांद्यांची टोपली उचलून खाली ठेवली. भंगारवाल्यानं खालून हाक मारली तेव्हा ओरडल्या, “काय न्हाय आज!” सोमवारी निशा परीक्षेला बसली.

आता तो व्हिडिओ बाबांच्या मोबाइलमध्ये आहे. रोज सकाळी स्वतः लावतात आणि येईल त्याला सांगतात, “आवाज लावला की मशीन चालतं.” श्रेय सगळं तीन नंबरला. चार वर्षं थापा मी खाल्ल्या.

मित्रांनो, तुमच्या घरच्या मशीनचं बटण एकदा सावकाश वाचा. तिला येतं ते सगळं तिच्याकडून करून घ्या. आणि ती गप्प बसली तर निदान चहा संपेपर्यंत थांबा.

काल बाबांच्या मोबाइलची बॅटरी मध्येच संपली. मी गप्प, लूम गप्प. पार्वतीबाई आतून म्हणाल्या, “बंद परली काय?”

बाबांनी माझ्या पोटावर तळहात टेकवला. थाप मारली नाही.

“न्हाय,” ते म्हणाले, “भिजवतंय.”