वरून सोडलेली दांडी

“दार लाव ना गा! पडद्यावर उजेड येऊन राहिला!”

कोणीतरी खेकसलं तेव्हा रुपराव भानावर आला. नागपुरात सदरच्या टॉकीजमध्ये दारावर उभं राहून त्याला सात वर्षं झाली होती, पण सिनेमा बघत दार उघडं टाकायचा गाढवपणा आजच झाला. पडद्यावर अमेरिकेतला एक काळा पोरगा धावत होता. गोरे त्याला आपल्या नळाला हात लावू देत नव्हते, आणि हा गडी त्यांना मागे टाकत सुटला होता. इकडे रुपरावच्या पोटऱ्या ताठल्या.

एकेकाळी तोही धावायचा. अठ्ठेचाळीस साली क्लबाकडून रिलेत तिसरा कृष्णकांत, शेवटचा रुपराव. कृष्णकांतने दांडी द्यायची, याने पळायचं. दांडी पडली. “रुपरावच्या हातून सुटली,” कृष्णकांत म्हणाला, आणि महार वस्तीतल्या पोराचं धावणं तिथेच संपलं. अहो, सुटायला आधी हातात यावी लागते! विटाळाच्या धाकाने कृष्णकांतने ती वीतभर वरूनच सोडली होती, ओंजळीत पाणी ओततात तशी.

आता तोच कृष्णकांत त्या क्लबाचा सेक्रेटरी. आजचा खेळ क्लबानेच ठेवला होता. आठवड्यापूर्वी तो आपण होऊन दारापाशी आला होता. “रुपराव, दहा वर्षं मनाला टोचणी आहे हो. सिनेमा संपला की स्टेजवरून चारचौघांत खरं काय ते सांगतो. वहिनींनाही आणा.”

घरी भागीरथा फणकारली होती, “दहा वर्सं काहून बोलला नाही जी तो? आताच बरं सुचलं त्याले!” तरी दीक्षेच्या दिवशीचं पांढरं लुगडं नेसून ती आली, आणि पहिल्या रांगेत बसली.

दिवे लागले. बाल्कनीत रुमाल निघाले होते. कृष्णकांत डोळे पुसतच स्टेजवर चढला.

“काय हा अमेरिकेतला भेद! आपल्या क्लबात कुणी कुणाची जात विचारली नाही. हा आपला रुपराव! याच्या हातून दांडी पडली, आपण हरलो, तरी आम्ही याला अंतर दिलं नाही. या रुपराव. हीच ती दांडी, क्लबातर्फे तुम्हाला भेट!”

टाळ्या पडल्या. रुपरावच्या तळपायाची आग मस्तकात गेली. केसाने गळा कापला की हो! तरी तो वर चढला. वाटलं, निदान हातात हात तरी देईल. त्याने तळवा पुढे केला.

कृष्णकांतची बोटं वीतभर वर थांबली. हसतच त्याने दांडी सोडली. त्याचं त्यालाही कळलं नसेल, इतकी मुरलेली सवय. वरून आलेलं झेलायला रुपराव जन्मापासून शिकला होता. आज त्याने मूठ मिटली नाही.

दांडी फळ्यांवर घरंगळली.

“पुन्हा पाडली गा यानं!” बाल्कनीतून आवाज आला आणि सगळं थेटर हसलं.

“उचला, उचला,” कृष्णकांत म्हणाला.

“तुमच्या हातून पडली. तुमीच उचला.”

हसण्याच्या गलक्यात ते फक्त पहिल्या रांगेला ऐकू गेलं. भागीरथा उठून उभी राहिली.

रुपरावने खाली उतरून चारही दारं उघडली. लोक गेले, कृष्णकांतही गेला. पुढच्या खेळाआधी झाडलोट रुपरावकडेच होती. त्याने खुर्च्यांखाली झाडलं, मग स्टेज झाडलं, कोपरे झाडले. दांडीपाशी आला तेव्हा तेवढी जागा सोडून झाडू पुढे नेला.