छातीभर कोमट पाणी

सारजाबाईनं जन्मभर पाणी पाहिलं ते काठावरून. कातरणीआधी मेंढरं धुवायला तिचा नवरा बिरू आणि त्याचे भाऊ नदीत उतरायचे, एकेक जनावर कवेत धरून बुचकळायचे, आणि सारजाबाई काठावर उभी राहून, ओलीचिंब होऊन वर आलेल्या मेंढरांना उन्हाकडं हाकलायची. घोट्याच्या वर पाण्यात जायचं तिला कधी कामच पडलं नाही. त्यामुळं वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, शहरात गारखेड्यातल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर, निळ्या फरशीच्या हौदासमोर उभं करून कुणीतरी तिला "मावशी, उतरा" म्हणालं, तेव्हा ती आधी दोन पावलं मागं सरली. मग पुढं आली आणि हातातली काठी तिनं हौदात बुडवली.

"काय बघताय?" योगिनीनं विचारलं. योगिनी म्हणजे तिथली फिजिओथेरपिस्ट. असेल अठ्ठावीस-तीसची. स्वतः हौदाच्या पायरीवर, कमरेपर्यंत पाण्यात उभी होती.

"खोली."

"भिंतीवर लिहिलीय की. चार फूट."

"भिंतीवर कुणी बी काय बी लिहितं, पोरी."

पाण्यात आधीच उतरलेली एक जाडजूड बाई खो खो हसली. ती मालनबाई, पैठणकडची, चाळीस एकराची मालकीण आणि कंबरेची पेशंट. "या बाई, या! पाणी काय चावत नाय. मी महिनाभर भिजतेय, अजून विरघळले नाय."

सारजाबाई इथवर कशी आली, ते सांगायला पाहिजे.

गुडघे धरल्याला सहा वर्षं झाली होती. त्यातली पाच गावी, देवगाव रंगारीला, पुडीवर निघाली. पुडी म्हणजे कागदात बांधलेल्या तीन गोळ्या: एक पांढरी, एक लाल, एक पिवळी. पुडी घेतली की दुखणं गप. सकाळी पुडी, संध्याकाळी पुडी, आणि मधे सारजाबाई पूर्वीसारखी तुरुतुरु. बिरू गेला तेव्हाही ती पुडीच्या जिवावर उभी होती. मग एक दिवस पाय सुजले, चेहरा सुजला. शहरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि अंगदला, तिच्या मुलाला, बाजूला घेऊन सांगितलं की या गोळ्यांनी किडन्या थकवल्यात. आता दुखण्यावरची एकही गोळी द्यायची नाही.

अंगद वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर. सिडकोत त्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट. त्यानं आईला आणलं, गादीची खुर्ची घेतली आणि तिला तीत बसवलं. "माय, तू फक्त बस." पाणी हातात, ताट हातात. सून सुरेखा तर चपलासुद्धा पायात सरकवायची. इतकी माया सारजाबाईच्या वाट्याला जन्मात आली नव्हती, आणि त्या मायेनं वर्षभरात तिची अशी गत झाली की खुर्चीतून उठायला दोन माणसं लागू लागली.

ती एकच गोष्ट मागायची. "मला माझ्या घरी न्हेऊन सोड."

"कसं सोडू? तिथं खुर्ची नाय, कमोड नाय. एकटी पडलीस तर?" अंगद वैतागून एकदा बोलून गेला, "ज्या दिवशी जमिनीवर बसून, कुणाचा हात न धरता उठशील, त्या दिवशी गाडी काढतो. जा!"

असं काही घडणार नाही याची खात्री होती म्हणूनच तो बोलला. सारजाबाईलाही ते कळलं होतं. पण शब्द तो शब्द. तिनं तो गाठीला बांधून ठेवला. डॉक्टरांनी गोळीविना उपचाराच्या केंद्राचा पत्ता दिला तेव्हा अंगद नको-नको म्हणत होता आणि हीच चिवटपणे म्हणाली, "चल."

तर सारजाबाई उतरली. केंद्राचा अंगरखा तिनं नाकारला. काष्टा घट्ट खोचलेलं नऊवारी लुगडं नेसून ती पहिली पायरी उतरली, दुसरी उतरली. पाणी कोमट होतं, ताज्या दुधासारखं. तिसऱ्या पायरीवर तिनं योगिनीचं मनगट असं आवळलं की पोरीचे डोळे पांढरे झाले. चौथीनंतर तळ लागला, आणि पाणी छातीपर्यंत आलं.

आणि काहीतरी नाहीसं झालं.

सारजाबाईला आधी कळेना काय ते. तिनं खाली पाहिलं. पाय होते, फरशी होती. गुडघ्यात सहा वर्षं रुतून बसलेला खिळा मात्र सापडेना. तिनं भीतभीत उजवा पाय उचलला. गुडघा वर आला, काही न बोलता, जणू दुसऱ्याच कुणाचा.

"हे काय केलंस?" तिनं योगिनीला विचारलं.

"मी काही नाही केलं. छातीपर्यंत पाण्यात असलं की पायांवर आपल्या वजनाचा तिसरा हिस्साच येतो, मावशी."

"आन बाकीचं कुठं जातं?"

"पाणी उचलून धरतं."

"फुकट?"

मालनबाई पुन्हा हसली, पण सारजाबाईचं लक्ष नव्हतं. कोकरं, हंडे, तळ हलवताना घोड्यावर चढवायचं बिऱ्हाड, सगळं तिनंच उचललेलं. तिला कुणी उचललं होतं? आईनं उचललं असेल, ते काही आठवत नाही. आणि आता हे पाणी, ओळख ना पाळख, तिला खालून अलगद धरून उभं होतं, आणि थकत नव्हतं. ती चालली. हौदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, काठीविना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा तिनं ओंजळभर हौदातलंच तोंडावर मारून घेतलं, म्हणजे कुणाला कळायला नको.

मग आठवड्यातून तीनदा दुपारी, बायकांच्या वेळेला, ठरवलेल्या रिक्षानं हौद. घरी खुर्चीवर बसून पाय सरळ उचलायचा, पाच मोजून खाली. खुर्चीतून उठायचं-बसायचं, पाच वेळा. सकाळी आखडलेल्या गुडघ्यांना गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलचा शेक. बस, एवढंच. "एवढ्यानं काय होणार," असं सुरेखा हळूच म्हणाली आणि महिन्याभरानं सासू एकटी उठून स्वयंपाकघरात आली तेव्हा तिच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

सहाव्या आठवड्यात घोटाळा झाला.

त्या दिवशी हौदातून बाहेर आल्यावर गुडघे इतके हलके होते की सारजाबाईला स्वतःचाच हेवा वाटला. बाहेर रिक्षा आलेली नव्हती. दहा मिनिटं वाट पाहिली. आता, ज्या माणसांत ती वाढली त्यांच्यात बरं वाटणं आणि चालणं यात फरक नव्हता. बरं झालेलं माणूस रिक्षाची वाट बघत उभं राहतं, हे तिनं कुठं पाहिलेलंच नव्हतं. तिनं पदर खोचला आणि निघाली. गारखेड्याहून त्रिमूर्ती चौक, तिथून पुढं जालना रोड, गाड्यांच्या गर्दीत काठी आडवी धरून, मेंढरं रस्ता ओलांडताना धरतात तशी. ट्रकवाले थांबले, हॉर्न वाजले, एक जण ओरडला, "अम्मा, मरना है क्या?" सारजाबाई ऐटीत सिडकोत पोचली. दार उघडणाऱ्या सुरेखाला म्हणाली, "चालत आले!"

दुसऱ्या दिवशी उजवा गुडघा खरबुजाएवढा झाला.

तिसऱ्या दिवशी तिला पलंगावरून पाय खाली सोडवेना. तिनं अंगदला जवळ बोलावलं. "एक पुडी आण. एकच. डॉक्टरला सांगू नको."

पुडी त्यानं आणली नाही. पण बाहेर जाऊन केंद्राला फोन लावला, "आई आता येणार नाही. बास झालं." दारातून तिला ऐकू आलं, आणि देवगावचं घर तिच्या डोळ्यांसमोरून एसटीसारखं निघून गेलं.

दुपारी योगिनी स्वतः आली. गुडघा दाबून पाहिला, बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवली, आणि पलंगाशेजारी खाली फरशीवर बसली. रागावली नाही. सारजाबाईला तेच जड गेलं.

"मावशी, तुमचा कळप दिवसाला किती चालायचा हो?"

"काय ठरलेलं नसतं. दोन कोस, तीन कोस. ज्या मेंढीला कालपरवा कोकरू झालंय तिला झेपंल तेवढं. तिच्या चालीनं समदे."

"पण बाकीची ताजी असतील की."

"असू दे ना! मुक्काम सकाळीच ठरतो. जनावर ताजं दिसतंय म्हणून मुक्काम पुढं रेटायचा नसतो. नवी पोरं करतात असं. आन मग दुसऱ्या दिवशी..."

सारजाबाई थांबली. बर्फाच्या पिशवीकडं पाहिलं.

"दुसऱ्या दिवशी अख्खा कळप बसतो," ती हळू म्हणाली.

योगिनीनं फडकं नीट केलं.

"आन बसलेलं मेंढरू," सारजाबाई आता स्वतःशीच बोलत होती, "बसूनच ठेवलं तर त्याचे पाय आखडतात. मग उठतच नाय. त्याला पोटाखाली हात घालून, रोज दहा पावलं का होईना, चालवावं लागतं." तिनं मान वळवून कोपऱ्यातल्या गादीच्या खुर्चीकडं पाहिलं. मग दाराकडं. दारात अंगद उभा होता.

"मीच चालवायचो लहानपणी," अंगद म्हणाला. "पोटाखाली हात घालून. माय, मला ठाऊक होतं गं हे."

"मला बी ठाऊक होतं की," सारजाबाई म्हणाली. "मेंढराचं ठाऊक होतं. आपलं कोण बघतंय?"

तिला त्या क्षणी दुखण्यापेक्षा नवल वाटत होतं. चाळीस वर्षं जे ज्ञान तिनं काठीसारखं बरोबर वागवलं, ते आपल्याच गुडघ्याला लागू आहे हे कळायला निळ्या फरशीचा हौद आणि शहरातली पोर लागली.

"झीज भरून यायची नाही," योगिनी उठताना म्हणाली. "खोटं नाही सांगत. पण गुडघ्याभोवतीचं मांस बळकट होतं, आणि दुखण्याला जी ओरडायची सवय लागलीय ती कमी होते. मात्र चांगल्या दिवशीही ठरलं तेवढंच. वाईट दिवशी थोडं कमी, पण शून्य नाही."

"मुक्काम सकाळी ठरवायचा," सारजाबाई म्हणाली.

त्यानंतर घाई नव्हती. हौद पुन्हा सुरू झाला, गॅलरीतलं चालणं सुरू झालं: आधी दहा फेऱ्या, पंधरवड्यानं बारा. गुडघे दुखायचेच. एखाद्या दिवशी फार. पण दुखलं म्हणून ती थांबेना आणि नाही दुखलं म्हणून धावेना. खुर्ची हळूहळू अंगदच्या मोबाइल बघण्याची जागा झाली. केंद्रात योगिनी तिला चटईवर बसवून, स्टुलाच्या आधारानं उठायला शिकवू लागली. पुढं स्टूल ठेंगणं झालं, मग पाट झाला.

थंडीतल्या एका रविवारी, जेवणं झाल्यावर, सारजाबाई स्वयंपाकघरात आली. ओट्याला धरून वाकली, आणि फरशीवर बसली. सुरेखाच्या तोंडून "अगं बाई" निघालं. अंगद धावत आला, हात पुढं केले.

"हात लावशील तर बघ," सारजाबाई म्हणाली.

त्यानं हात मागं घेतले, पण पूर्ण नाही.

ती कुशीवर वळली. तळहात टेकले, गुडघे बरोबर आणलेल्या घोंगडीच्या घडीवर घेतले, आणि रांगत्या पोरासारखी झाली. एक पाऊल पुढं घ्यायला गेली, तर उजवा गुडघा नाही म्हणाला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा नाही.

मग सारजाबाईनं वेगळंच केलं. तिनं पुढचं अंग तसंच खाली ठेवलं, पायांची बोटं फरशीत रोवली आणि आधी कंबर उचलली. मागचं अंग वर, पुढचं टेकलेलं. आणि त्या अर्ध्या अवस्थेत, उलट्या दिसणाऱ्या फरशीकडं बघता बघता तिला एकदम दिसलं: पहाटेचा तळ, दवात भिजलेली तीनशे मेंढरं, आणि तांबडं फुटताना त्यांचं एकामागून एक उठणं. पुढचे गुडघे टेकलेले, आधी मागचं अंग वर, मग एक पाय, मग दुसरा. रोज पाहिलं होतं. लक्ष देऊन एकदाही पाहिलं नव्हतं. केवढं शहाणं जनावर, आणि आपण त्याला येडं म्हणत आलो!

ती हात एकेक करून पायांकडं चालवत आणत गेली. मग मांडीवर ठेवले. मग उभी राहिली.

सुरेखा डोळे पुसत होती. अंगदचे हात अजून हवेतच होते.

"माय," तो शेवटी म्हणाला, "गाडी काढू?"

सारजाबाई धापा टाकत होती, आणि चेहरा असा झाला होता की जणू हे कुणा दुसरीनं केलं आणि ती फक्त बघायला आली.

"काढ. पण दोन रात्री राहते. मग परत हौदाला. पुढच्या खेपंला चार." तिनं पदर सारखा केला. "एकदम नाय जायचं."

अंगद किल्ली शोधायला गेला. तो परत आला तेव्हा आई पुन्हा खाली बसलेली होती.

"आता काय झालं?" तो घाबरला.

"काय नाय. तू दाराशी थांब," सारजाबाई म्हणाली. "मी अजून एकदा बघते कसं व्हतंय ते."