क्विझचं शेवटचं कार्ड

ग्रंथालयाच्या वार्षिक क्विझचे प्रश्न बारा वर्षं मी काढत होतो, हे ग्रंथपाल आणि माझी बायको यांच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. नियमच तसा होता : प्रश्न काढणाऱ्याचं नाव फुटलं की त्याचं काम संपलं. मला ते सोयीचं होतं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडचं पाणी पळतं. पण तिसऱ्या रांगेत गुपचूप बसून आपला प्रश्न ऐकताना अंगावर मूठभर मांस चढायचं, हेही खोटं नाही.

त्या संध्याकाळी टेलरबाई आणि दातांचे डॉक्टर बरोबरीत होते. बक्षीस होतं बारा खंडांचा जुना शब्दकोश. टेलरबाई रोज दुपारी दुकान बंद करून वाचनकक्षात त्याच कोशावर वाकलेल्या असत. डॉक्टर जिंकले, तर तो त्यांच्या दवाखान्यातल्या काचेच्या कपाटात जाणार होता.

निवृत्त मुख्याध्यापकांनी शेवटचं कार्ड उचललं. "'क्विझ' हा शब्द आला कुठून?"

घंटी टेलरबाईंनी मारली. "कुणालाच नक्की माहीत नाही, सर."

सभागृहात हशा पिकला.

"टाके उसवले वाटतं!" डॉक्टर म्हणाले.

"माझे टाके पक्के असतात, डॉक्टर. तुम्ही तुमच्या कवळ्या सांभाळा."

मुख्याध्यापकांनी कार्ड वाचलं : एका नाट्यगृहाच्या मालकाने पैज लावली, की अर्थच नसलेला शब्द मी एका रात्रीत गावाच्या तोंडी बसवतो. त्याने तो भिंतींवर खडूने लिहवून घेतला आणि सकाळी जो तो तेच बोलू लागला. "उत्तर चूक. कार्डावरचं उत्तर अंतिम."

"पैज सतराशे एक्क्याण्णवची सांगतात ना?" टेलरबाईंचा आवाज चढला. "मग सतराशे ब्याऐंशीच्या एका रोजनिशीत हा शब्द कसा? तिथे त्याचा अर्थ विक्षिप्त माणूस. पुढे थट्टा करणं. परीक्षेचा अर्थ तर कितीतरी नंतर चिकटला!"

बाईंचं खरं होतं. ती गोष्ट इतकी रंगतदार होती, की साल पडताळण्याचं मला सुचलंच नव्हतं.

"बाई, नियम म्हणजे नियम," मुख्याध्यापक म्हणाले आणि डॉक्टर उठून कोट सारखा करू लागले.

बायकोने मला कोपर मारलं. "अहो, उठा! बाईचं बक्षीस चाललं."

"माझं काम जाईल गं."

"जाऊ दे. आधी उभे राहा!"

मी उभा राहिलो. आवाज कुठून आला कोण जाणे, पार मागच्या भिंतीपर्यंत गेला. "कार्ड चुकलंय! बाईंचं बरोबर आहे."

"आपण कोण?" मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला.

"ते कार्ड मी लिहिलंय. बारा वर्षांची सगळी कार्डं मीच लिहिली."

टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी बाकं बडवली. ग्रंथपालांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं, पण मान होकारार्थी हलवली. मुख्याध्यापकांनी कार्डावरचं उत्तर खोडून त्यावर माझी सही घेतली आणि गुण टेलरबाईंना दिला.

जिन्यावरून आम्ही तिघं खंड उतरवत होतो. मी हरलेला, बेकार माणूस, आणि छाती मात्र पोरासारखी उडत होती.

"आजोबा," टेलरबाई चार खंडांच्या वरून डोकावत म्हणाल्या, "मागच्या वर्षीचा तेरावा प्रश्नही तुमचाच ना? तोही चुकला होता!"

"शक्यच नाही!" मी ओरडलो.

"घरी चला," बायको म्हणाली, "लागेल तो खंड काढा आणि तिथेच भांडा."