कीवची धूळ

स्टेशनवर कुणी येऊ नये, असं प्रेमदासनं दिल्लीहून तारेनं कळवलं होतं. त्यामुळे कोकिळा सकाळपासून सिंदी मेघे गावातल्या घरी फाटकाशीच उभी होती, सव्वा वर्षाच्या संघमित्राला कडेवर घेऊन.

लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्यातला जेमतेम महिनाभर ती दोघं एकत्र राहिली होती. प्रेमदास शिष्यवृत्तीवर सोव्हिएत रशियात, कीव शहरात, इंजिनिअरिंग शिकत होता. चौऱ्याऐंशीच्या सुट्टीत आला, लग्न लागलं, परत गेला. लेक पुढच्या वर्षी झाली. ती त्यानं फोटोतच पाहिली होती.

मे महिन्यात रेडिओनं सांगितलं की तिकडे चेर्नोबिलला अणुवीज केंद्रात मोठा अपघात झालाय आणि तिथली विषारी धूळ वाऱ्याबरोबर देशोदेशी पसरलीय. कोकिळा शाळेत शिकवायची. सुट्टी असूनही ती शाळेत गेली आणि भिंतीवरच्या नकाशात चेर्नोबिल शोधू लागली. ते नाव त्यात नव्हतं. कीव मात्र होतं. त्या काळ्या ठिपक्यावर बोट ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. त्यानंतर जून लागेपर्यंत तिला त्याची काहीच खबर नव्हती.

सायकलरिक्षा फाटकाशी थांबली आणि प्रेमदास उतरला. त्याची आई, जिजाबाई, हात पसरून पुढे धावली, तसा तो दोन पावलं मागे सरला.

"थांब माय. मले पहिले आंघोळ करू दे."

अंगणातल्या कडुलिंबाखाली त्यानं साबण लावून लावून अंग घासलं. अंगावरचे कपडे परसात खड्डा करून पुरले. प्रवासाची धूळ असेल, म्हणून आंघोळीचं जिजाबाईला पटलं; कपडे का पुरले, ते कळेना. तो धोतर नेसून ओसरीवर आला तेव्हा कोकिळेनं लेकीला पुढे केलं.

"हे पाहा तुमची पोरगी."

प्रेमदासनं दोन्ही हात पाठीमागे नेले. पोरीकडे तो इतका टक लावून पाहत राहिला की ती लाजून आईच्या खांद्यात तोंड लपवू लागली.

"मोठी झाली," एवढंच तो म्हणाला.

पुढचे दिवस असेच गेले. त्याचं ताट वेगळं, पेला वेगळा. बाज त्यानं अंगणाच्या पार टोकाला नेऊन टाकली. संघमित्रा आता त्याला भिईनाशी झाली होती. दुडूदुडू चालत त्याच्याकडे जायची, आणि तो उठून दुसरीकडे जायचा. ती मागे, तो पुढे. जिजाबाईला वाटे खेळ चाललाय. कोकिळेला तो खेळ बघवेना.

एका संध्याकाळी ती त्याच्या बाजेशी जाऊन उभी राहिली.

"तिकडं दुसरी कोणी हाये का?"

"नाई," तो म्हणाला. "तसं काही नाई."

मग तो हळूहळू बोलू लागला. अपघात झाला तेव्हा त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या रविवारी ते नदीकाठी गवतात लोळले, फुटबॉल खेळले. एक मेच्या मिरवणुकीत सगळे रस्त्यानं चालले. वारा तेव्हाच शहराकडे फिरला होता. नंतर पाण्याच्या गाड्या रोज रस्ते धुऊ लागल्या, खिडक्या बंद ठेवा म्हणून सांगितलं गेलं, स्टेशनवर लेकरं घेतलेल्या बायांची गर्दी उसळली. विद्यार्थ्यांना मॉस्कोला आणल्यावर एका माणसानं त्याच्या अंगावरून किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र फिरवलं. बुटांशी ते कडकड वाजलं. बूट त्यांनी काढून घेतले.

"मंग इथं वाजलं." त्यानं गळ्याला हात लावला. "हे कसं काढून घेतील?"

कोकिळा खाली बसली. त्यानं तिला बाजेवर बस म्हटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ती त्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेली. वयस्कर डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या धुळीतलं जे किरणोत्सारी आयोडीन गळ्यात साठतं ते काही आठवड्यांत आपोआप विरतं, त्या म्हणाल्या. दरवर्षी तपासणी करा. पण तुमच्यापासून लेकराला धोका नाही.

"मग मी तिले घेऊ शकतो?"

"अजून घेतलं नाही तुम्ही?" बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं.

घरी येताना कोकिळेला हायसं वाटत होतं. प्रेमदास मात्र म्हणाला, "तिथंबी असंच सांगतलं होतं. काही झालं नाई म्हणून."



त्याच आठवड्यात दुपारी वादळ उठलं. जिजाबाई न् कोकिळा दुसऱ्या बाजेवर वाळत घातलेल्या कुरड्या गोळा करत होत्या. संघमित्रा कडुलिंबाखाली खेळत होती. पश्चिमेकडून लाल धुळीची भिंत आली आणि क्षणात समोरचं घर दिसेनासं झालं. कोकिळा पोरीकडे वळली, तर जागा रिकामी. ओसरीवरून झेप घेऊन प्रेमदासनं तिला उचललं होतं. तो आत पळाला आणि दार लावलं.

कोकिळा धावत मागच्या दारानं आत शिरली. तो ओलं फडकं दाराच्या फटीत कोंबत होता, एका हातानं पोरीला छातीशी दाबून. मग तिचं तोंड पुसू लागला, केस, कान, बोटांच्या बेचक्या. "श्वास नको घेऊ," तो म्हणत होता, "थोडीशीक थांब, श्वास नको घेऊ बाई." पोर घाबरून रडत होती.

मागून जिजाबाई आली, पदरात कुरड्या घेऊन. ती हलकेच म्हणाली, "काऊन रे असं करून राह्यला? आपल्या वावरातली माती हाये ते."

तो थांबला. कडेवरच्या पोरीकडे पाहिलं. तिनं त्याच्या गळ्याला मिठी घातली होती, नेमकी तिथंच. कोकिळेला वाटलं, आता तो तिला खाली ठेवेल. तो ठेवायला वाकलाही. पण पोरीनं हात सोडले नाहीत, आणि तो तसाच भिंतीला टेकून खाली बसला. वादळ गेलं तरी कुणी दार उघडलं नाही.

सप्टेंबरात तो परत गेला. शिक्षण अर्धं टाकता येत नव्हतं. अठ्ठ्याऐंशीत कायमचा आला, नागपूरला नोकरीला लागला. संघमित्राला तो खांद्यावर बसवून बाजारात न्यायचा, तिच्या वेण्याही घालायचा. दरवर्षी त्याच्या गळ्याची तपासणी व्हायची आणि दरवर्षी काही निघायचं नाही.

दुसरं मूल कोकिळेला हवं होतं. शेजारच्या बाईचं तान्हं घरी आलं की ती ते लवकर परत देत नसे. तिनं विषय काढला की प्रेमदास म्हणायचा, "थोडं थांबू."

"डॉक्टर तर हाव म्हणतात, काही धोका नाई."

"मले मालूम हाये."

"मंग किती थांबाचं?"

तो तिचा हात हातात घ्यायचा. दोन-तीन वर्षं ती विचारत राहिली. मग एके दिवशी तिनं संघमित्राचे जपून ठेवलेली झबली-टोपडी काढली, उन्हात दिली, घड्या घातल्या आणि शेजारणीला नेऊन दिली. एक पिवळं झबलं तेवढं ठेवून घेतलं. ते कशाला, असं प्रेमदासनं कधी विचारलं नाही.