हलकी चाकं

माझं तोंड फाटकं आहे, हे आमच्या सगळ्या नात्यागोत्यात जाहीर आहे. सायकलला मोटर बसवून घ्यायला गिऱ्हाईक आलं आणि सायकलच मोडकळीला आलेली असली, तर मी तोंडावर सांगतो, की आधी हिला भंगारात घाला, मोटरचं मग बघू. अशानं धंदा कसा चालायचा, असं बायको विचारते. चालतो. लोक मला शिव्या देतात आणि परत माझ्याकडेच येतात. म्हणूनच त्या रविवारी मी जे वागलो, त्याची मला अजून चीड येते.

सकाळी साडूबुवा आले ते सायकल ढकलत. ती पेट्रोलच्या मोटरची सायकल मीच तयार करून दिली होती. कॅरियरला अलॉयची दोन चाकं दोरीनं बांधलेली होती, चकचकीत पुसलेली. साडूबुवा म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. एकेकाळी लग्नाच्या पंगतीत ह्यांच्या शेजारी बसायला लोक घाबरायचे, कारण वाढपी तिथून पुढे सरकायचाच नाही. आता शर्टात माणूस शोधावा लागत होता. दुकानाच्या दारात येऊन त्यांनी नुसता हात वर करून मला थांबायची खूण केली. धाप कमी झाली तेव्हा म्हणाले, "मिस्त्री, ही बसव."

"आधी बसा तरी."

"बसतोच की. दोन वर्षं दुसरं काय करतोय?" ते स्टुलावर टेकले. "मॅग व्हील आहेत. आऱ्यांची भानगड नाही, तुटायचं नाव नाही. आणि मुख्य म्हणजे हलकी."

इथंच घोडं अडलं होतं. साडूबुवांनी अठरा वर्षं चाकांच्या कारखान्यात पॉलिश मारलं. मोटारगाड्यांची अलॉयची चाकं. तिथली धूळ छातीत जाऊन बसली आणि कारखान्यानं त्यांना घरी पाठवलं. मोटारगाडीचं अलॉय पोलादी चाकापेक्षा खरोखरच हलकं असतं, त्यामुळे हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण सायकलची गोष्ट उलटी आहे. सायकलच्या तारांच्या चाकात असतंच काय? एक कडा, छत्तीस आरे आणि मधे हब. त्याजागी ओतीव अलॉय आलं की वजन वाढतं. हे मला माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं.

एरवी मी हे तिथल्या तिथे सांगून मोकळा झालो असतो. पण सोमवारपासून त्यांना काम मिळणार होतं. एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेला बावीस दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करून आणणारा माणूस हवा होता. वाहन स्वतःचं हवं, एवढीच अट. ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चार जणांना विनवून हे काम मिळवलं होतं. अडचण एकच, मोटरच्या सायकलला किक नसते. आधी पायडल मारून वेग घ्यायचा आणि मग क्लच सोडायचा, तेव्हा इंजिन जागं होतं. बावीस दवाखाने म्हणजे बावीस वेळा पायडल. साडूबुवांना दहा पायडलांनंतर बसावं लागायचं. चाकं हलकी झाली की हे जमणार, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"हे जमलं नाही ना," ते म्हणाले, "तर मी परत खाटेवर. आणि ह्या वेळी उठायचा नाही. सांगून ठेवतो."

मी पाना उचलला.

कामाला मी नावं ठेवू देणार नाही. पुढचं चाक काढलं, मग मागचं. इंजिनच्या साखळीचं मोठं दातेरी चक्कर जुन्या चाकाच्या आऱ्यांनाच रबर घालून आवळलेलं होतं. नव्या चाकाला आरेच नाहीत, तेव्हा हबवर बसणारं दोन तुकड्यांचं कडं लागणार. एक जुनं कडं होतं माझ्याकडे, पण आतून अर्धा मिलिमीटर घट्ट. मी कानस घेऊन बसलो.

साडूबुवा स्टूल ओढून जवळ आले आणि दुसऱ्या चाकावर फडकं फिरवू लागले. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं. "ही बघ, ओतताना हवा राहिलीय. सुईच्या टोकाएवढी. कारखान्यात असतं तर मी परत पाठवलं असतं." मला भिंग लावून ती जागा सापडली. माणसाचं बोट अजून शाबूत होतं. मग त्यांना जो खोकला लागला, तो बायको पाणी घेऊन धावत आली तरी थांबेना.

ती त्यांना आत घेऊन गेली, तेवढ्यात मी भंगार तोलायच्या काट्याला आधी जुनी चाकं लावली, मग नवी. नवी जोडी दोन किलोंनी जड भरली. बायको दारात उभी राहून बघत होती.

"सांगा त्यांना," ती हळूच म्हणाली.

"काय सांगू?"

"जगाला नको तेव्हा ऐकवता. आज बरं कुलूप लागलं तोंडाला."

"दोन किलोंनी काय आभाळ कोसळतंय? आरे तर तुटायचे थांबतील."

"मग हेच सांगा. जड आहेत पण मजबूत आहेत म्हणावं."

मी तिच्यावरच खेकसलो. तिचं बरोबर असलं की मी खेकसतो. खरं सांगायचं तर त्यांच्या तोंडावरचा आनंद मला दिसत होता आणि तो मोडायचा माझा धीर झाला नाही.

दुपार व्हायच्या आत काम झालं. चक्कर हलतं का बघितलं, इंजिनची साखळी सरळ रेषेत आणली, ब्रेकचे गुटके कडेला बरोबर बसवले. चाक हातानं फिरवलं तर किती तरी वेळ फिरतच राहिलं. जड चाक एकदा फिरलं की फिरत राहतं, त्यात नवल नाही. साडूबुवांना तो हलकेपणा वाटला. "बघ!" ते म्हणाले. मी मान डोलावली.

"आता हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं. "उद्या तू येणार आहेस का दवाखान्यात माझ्यामागे?"

ते सायकलवर बसले. पहिल्या खेपेला चार पायडल झाली आणि पाय टेकला. दुसऱ्यांदा सहा. तिसऱ्यांदा ते निघाले तेव्हा मी मागून चालत होतो. कॅरियरला तळहात लावला आणि रेटलं. फार नाही. इंजिननं ठसका दिला, धूर सोडला आणि लागलं. बायकोनं तर टाळ्याच वाजवल्या. साडूबुवांनी मागे वळून न बघता एक हात उंच केला. मला वाटलं, माझा हात त्यांना कळलाच नाही. त्या क्षणी मी खूश होतो, हे कबूल करायला हवं.

कोपऱ्यापाशी जाऊन इंजिन बंद करायचं, परत चालू करायचं आणि घरी यायचं, असं ठरलं होतं. ते कोपऱ्यावरून वळले. आवाज बंद झाला. मी आणि बायको कान देऊन उभे राहिलो. एक रिकामी हातगाडी गेली. एका बाईनं वरच्या मजल्यावरून चादर झटकली. आवाज काही आला नाही. बायको म्हणाली, "जा ना!"

साडूबुवा फुटपाथच्या कडेला बसले होते. सायकल स्टँडवर नीट लावलेली. ओठ निळसर झाले होते आणि खांदे वरखाली होत होते. मी शेजारी बसलो. बोलण्याइतका श्वास यायला त्यांना खूप वेळ लागला.

"पाच वेळा करून बघितलं," ते म्हणाले. "मघाशी तू ढकललंस ना?"

"थोडंसं."

"हं." त्यांनी पुढच्या चाकाकडे बघितलं. "मिस्त्री, खरं सांग. चाकं हलकी आहेत ना?"

मी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, हा माणूस अठरा वर्षांच्या कामातून छातीतल्या धुळीशिवाय काही घेऊन आला असेल, तर एवढी एक पारख. निदान ती तरी खरी ठरू दे. एवढाच विचार होता माझा, देवाशपथ.

"हलकी आहेत," मी म्हणालो. "तुम्ही म्हणालात तशीच. एकदम हलकी."

त्यांनी मान हलवली. "मग मीच कमी पडतोय," ते म्हणाले.

मी काय करून बसलो, ते तेव्हा कळलं. "अहो नाही, साडूबुवा, ऐका. खोटं बोललो मी. जड आहेत. चांगली दोन किलोंनी जड आहेत, काट्यावर घातलीत मी. चला, दाखवतो. जुनी चाकं परत घालतो, आत्ता, तासाभराचं काम आहे..."

ते हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांना हसताना बघत होतो. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "राहू दे रे. तुझं तोंड फाटकंच बरं. तुला खोटं बोलता येत नाही, आता माझं मन राखायला कशाला उगीच धडपडतोस?"

"देवाशपथ खरं सांगतोय."

"कळलं." आणि माझा हात त्यांनी थोपटला, रडणाऱ्या पोराला थोपटावा तसा.

मी काट्याची गोष्ट आणखी दोनदा सांगितली. बायकोलाही साक्षीला बोलावतो म्हणालो. मोटारीचं चाक वेगळं, सायकलचं वेगळं, हेही समजावून सांगितलं. ते प्रत्येक वेळी समजुतीनं मान हलवत राहिले. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. त्यावर ताईंच्या अक्षरात प्रयोगशाळेचा नंबर होता.

"फोन तेवढा तू कर," ते म्हणाले. "बोलताना दम लागतो मला. त्यांना वाटेल, माणूस रडतोय."

मी तिथंच बसून फोन लावला. उद्यापासून येणारा माणूस येऊ शकत नाही, असं सांगितलं. का, ते पलीकडून कुणी विचारलंही नाही.