कोपर्ड्यांची पदरची वाक्यं

रविवारी सकाळी पोहे खाता खाता श्रीनिवास कोपर्ड्यांनी मुलीची पूर्वपरीक्षेची गणिताची उत्तरपत्रिका उघडली. रेवती दहावीत होती. ऐंशीपैकी एकाहत्तर.

“उरलेले नऊ काय मंडईत सांडले?”

“सिली मिस्टेक झाल्या, बाबा.”

“मिस्टेक तुझ्या, आणि सिली दिसतो मी, ऑफिसात!”

दुपारी तालमीत त्यांनी हेच बोलणं नाटकात घुसवलं. सांगलीतल्या हौशी मंडळाचं परीक्षेवरचं विनोदी नाटक. कोपर्डे त्यात मार्कांसाठी पोरीला पिडणारा बाप. मंडळी हसून लोळली. दिग्दर्शक बंडूकाका म्हणाले, “कोपर्डे, ठेवा हे. लेखकाच्या बापालाही सुचलं नसतं.”

मग कोपर्डे दर तालमीला घरून काहीतरी नवीन आणू लागले. मुलीचं काम बँकेतल्या बर्वेबाई करत. मान खाली घालून अंगठ्याचं नख कसं कुरतडायचं, तेही त्यांनी बाईंना शिकवलं. कुठे पाहिलंत, असं कोणी विचारलं नाही. ‘निरीक्षण दांडगं,’ एवढंच सगळे म्हणाले. कोपर्ड्यांना टोचायचं, पण हशाही मोठा असायचा. कधीकधी तर घरी राग संपल्यावरही ते आणखी दोन मिनिटं रागावत. न जाणो, एखादं वाक्य सापडायचं.

प्रयोगाला रेवती आई आणि एका मैत्रिणीबरोबर तिसऱ्या रांगेत बसली. ‘मंडईत सांडले?’ला टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्याने रेवती हसत होती. ही आपल्याच घरातली गोष्ट आहे, हे शेजारच्या मैत्रिणीला कळू नये म्हणून. कोपर्ड्यांना ते रंगमंचावरून स्वच्छ दिसलं.

मध्यंतरात ती रंगपटात आली. “छान चाललंय, बाबा. पुढच्या प्रयोगाला किती मार्क पाडू?”

“अगं, नाटक आहे ते.”

“हो ना. बर्वेकाकू रंग पुसून घरी जातात. मी घरीच असते.”

दुसरा अंक. बर्वेबाई नख कुरतडत उभ्या. पुढचं वाक्य कोपर्ड्यांचं स्वतःचंच होतं, पण तोंडातून निघेना. ते पुढे आले आणि तिसऱ्या रांगेकडे बघत म्हणाले, “रेवती, माझं चुकलं.”

नाटकात रेवती नावाचं पात्रच नव्हतं. प्रॉम्प्टर घाईघाईने पानं उलटू लागला. सभागृहात बहुतेक पोरांना घेऊन आलेले आईबापच होते. त्यांना वाटलं, हेही पदरचंच. ते पोट धरून हसले.

कोपर्ड्यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा हशा. तिसऱ्यांदा म्हणताना आवाज चिरकला, तेव्हा कुठे हशा विरत गेला. आणि मग शेजारच्या खुर्चीतल्या आपापल्या पोराकडे बघायचं धाडस कोणालाच होईना.