दोन तास बसून

दवाखान्यात साखरेच्या तपासणीसाठी दिलेलं ग्लुकोजचं पाणी पोटात गेलं आणि शिवणवालीला सगळं जगच पाकात बुडाल्यासारखं दिसू लागलं. भिंतीवरचं ऊन पाकाचं, खिडकीतला वारा पाकाचा. पोटातलं सहा महिन्यांचं बाळ त्या पाकात मासोळीसारखं हलकेच वळलं.

"दोन तास इथंच बसायचं," रक्त घेणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. पण जावेनं कानमंत्र दिला होता, "चालत राहा गं, साखर उतरते. एकदा मधुमेहाचा शिक्का बसला की घास मोजून खायचे." म्हणून बाई आत गेल्या की ही उठायची आणि व्हरांड्यात फेऱ्या घालायची. एक फेरी बाळासाठी, एक जिभेसाठी. पावलं स्वप्नातल्यासारखी, जमिनीला न लागणारी.

बाई कागद घेऊन आल्या तेव्हा ती खुर्चीत साळसूद बसली होती.

"पहिलं बाळ केवढं होतं?"

"पावणेपाच किलोची पोर. सासूबाई म्हणाल्या, हिला आजच शाळेत घाला."

बाई हसल्या नाहीत. "खांदा अडकला होता?"

शिवणवालीनं पदर सारखा केला. मग हळूच म्हणाली, "ओढून काढली. डावा हात वर जात नाही तिचा. तिच्या प्रत्येक फ्रॉकला मी खांद्यावर बटणं लावते, म्हणजे घालताना दुखत नाही. मशीनवर फार वाकले होते ना मी, ती पोटात असताना."

"मशीनला कशाला दोष देता, ताई? आईची साखर वाढली की बाळाला पोचते. बाळाचे खांदे भरतात, वाट मात्र तेवढीच राहते. तेव्हा तपासलं नव्हतं?"

"अंगानं धडधाकट होते. कुणाच्या मनातच आलं नाही."

"वेळेवर कळलं, तर जेवण सांभाळून, लागलंच तर इंजेक्शनं घेऊन बहुतेकींचं निभावतं."

दोन तास भरले. बाईंनी दंडाला पट्टा बांधला. सुई टोचणार, तोच शिवणवालीनं हात मागं घेतला.

"बाई, मी चालले. चांगला अर्धा तास. हे रक्त खोटं बोलेल."

बाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे दोन तास पाण्यात."

"पाण्यात कुठं, पाकात."

दोन दिवसांनी ती उपाशीपोटी परत आली. गोड पाणी प्यायली आणि हललीच नाही. पाय चुळबुळले, तसे एकावर एक दाबून धरले. ऊन एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर सरकत गेलं, बाळ आत निजलं, उठलं, पुन्हा निजलं.

आकडा वाढलेलाच आला. तिचा चेहरा पडेल म्हणून बाईंनी कागदाबरोबर पाण्याचा पेलाही पुढं केला.

तिनं कागद दोनदा वाचला.

"काय खायचं नाही ते सावकाश सांगा," ती म्हणाली. "घरी जावेला आता मलाच पढवायचंय."